प्लेऑफमधली पाहुणी टीम आणि हॉटेलच्या खोल्या : तुमच्याकडे कसं जमवतात?

डबलडेकर :

नमस्कार मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे पण इथले लोक जगभर पसरलेत म्हणून विचारतो. मी पेनसिल्वेनियात हर्शी-हॅरिसबर्ग पट्ट्यात एका हॉटेलात ग्रुप बुकिंग बघतो. लग्नं, शाळेच्या सहली, कंपन्यांची ट्रेनिंगं असलं सगळं. हॉकी टीमचं काम आधी एक सिनियर बाई बघायच्या, त्या रिटायर झाल्या आणि ते लोढणं आता माझ्या गळ्यात आलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हर्शी बेअर्स ही इथली टीम, अमेरिकन हॉकी लीगमधली (पुढे एएचएल म्हणतो), म्हणजे एनएचएल या इथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या एक पायरी खाली. ३२ टीम, प्रत्येकी ७२ मॅच, २३ टीम प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) जातात आणि शेवटी जिंकणाऱ्याला कॉल्डर कप. रेग्युलर सीझनला काही त्रास नाही, वेळापत्रक आधीच हातात असतं.

त्रास प्लेऑफचा. एप्रिलच्या शेवटी सुरू होतात ते जून संपत आला तरी चालूच. परवा एका पाहुण्या टीमच्या माणसाचा मेल आला. २६ खोल्या हव्यात, बेस्ट ऑफ फाइव्ह सिरीज आहे, म्हणजे आधी तीन मॅच जिंकेल तो पुढे. पण त्यांची आधीची सिरीज अजून संपलेलीच नाही, म्हणजे ते येणार का ते नक्की नाही, आले तर कुठल्या तारखेला ते नाही, आणि आले तरी चौथी-पाचवी मॅच होणार का तेही नाही. तरी सगळ्या रात्रींच्या खोल्या धरून ठेवा आणि नाही लागल्या तर एक डॉलर कापू नका! वर मॅचच्या दिवशी दुपारी ४ पर्यंत लेट चेकआउट, बस उभी करायला जागा आणि जेवणासाठी हॉल.

आणि तारखा कुठल्या तर मे महिन्यातले वीकेंड. कॉलेजांचे पदवीदान समारंभ, लग्नं, त्यात हर्शीपार्क उघडलेलं. आमचा जीएम (हॉटेलचा जनरल मॅनेजर) म्हणतो डिपॉझिट घे नाहीतर सोडून दे. टीमवाला म्हणतो डिपॉझिट देणं जमणार नाही. आता मी काय करू? दुसरीकडे हे कसं निभावतात कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

रिकामटेकडा :

मला वाटलं धनराज पिल्लेवाली हॉकी. बर्फावरची निघाली. वाचतोय.

खवचट :

एक कळत नाही, या टीमच्या डोक्यावर एनएचएलच्या अब्जाधीशांचा हात असतो ना? मग २६ खोल्यांच्या डिपॉझिटसाठी रडारड कशाला. चार्टर विमान घ्या, फाइव्ह स्टारला उतरा. एवढ्याशा गोष्टीसाठी धागा म्हणजे कमाल आहे.

टारझन_कोल्हापूरकर :

खवचट भाऊ, तुम्ही वरची लीग बघून बोलताय. मी ओहायोत टोलेडोजवळ बस कंपनीत डिस्पॅचला हाय, टीमच्या गाड्या लावणं हेच माझं काम. एएचएलमधी खेळाडूचा पगार बहुतेक वेळा एनएचएलवाला क्लब देतो, पण टीमची बस, हॉटेल, खाणं ह्याचा हिशोब बऱ्याच ठिकाणी वेगळ्या मालकाच्या खिशातनं जातो. आणि त्याच्या खाली ईसीएचएल हाय, आमची टोलेडो वॉलआय त्यातलीच. तिथं तर सगळं तिकीट आणि बिअरच्या विक्रीवर. चार्टर विमान म्हणजे मालकाला घाम फुटतो.

आता डबलडेकर दादा, तुमच्यासाठी कामाची गोष्ट. तुम्ही खेळाडूंच्या खोल्यांचं बघताय, पण पहिली खोली ड्रायव्हरची बघा. अमेरिकेत प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग ८ तास सुट्टी मिळाल्यावर जास्तीत जास्त १० तास गाडी हाकता येते, आणि ड्युटीचे एकूण १५ तास भरले की स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई. मॅच ७ ला सुरू, साडेनवाला संपली तर ठीक, ओव्हरटाइम लागला की सगळा हिशोब बोंबलला. रेग्युलर सीझनला ओव्हरटाइम पाच मिनिटांचा, मग शूटआउट, सुटलो. प्लेऑफला तसं न्हाई, गोल होईपर्यंत २० मिनिटांचे डाव चालूच. ड्रायव्हर दुपारी झोपला नसंल तर रात्री गाडी निघत न्हाई, मग तुमच्याकडं ११ वाजता फोन येतो की अजून एक रात्र द्या. म्हणून ड्रायव्हरला कोपऱ्यातली, शांत, जाड पडद्याची खोली द्या आणि हाऊसकीपिंगला सांगून ठेवा की दुपारी त्या दारावर टकटक करायची न्हाई. लांबचा पल्ला असला तर आम्ही दुसरा ड्रायव्हर मधल्या गावात आधीच पाठवून ठेवतो, त्याची खोली अजून वेगळी.

ऑस्टिनची_मावशी :

ओव्हरटाइमवरून आठवलं, मे २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला लीहाय व्हॅली फँटम्सची मॅच पाच ओव्हरटाइम चालली होती. १४६ मिनिटं ४८ सेकंद खेळ, एएचएलच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅच. लीहाय व्हॅलीच्या गोलीने (गोलकीपरने) ९४ शॉट अडवले. संपली तेव्हा रात्रीचा १ वाजून गेला होता. त्या दिवशी तिथल्या हॉटेलच्या किचनवाल्यांचं काय झालं असेल कोण जाणे, कारण मॅचनंतरचं जेवण सहसा १० च्या हिशोबाने सांगितलेलं असतं.

आता आमची टेक्सस स्टार्सची गंमत. रिंक सीडर पार्कला आहे, माझ्या घरापासून जवळ. २०१४ ची फायनल कोणाशी, तर सेंट जॉन्सच्या आइसकॅप्सशी. म्हणजे टेक्ससहून न्यूफाउंडलंड! नकाशा काढून बघा. फॉरमॅट २-३-२, पहिल्या दोन इथे आणि पुढच्या तीन तिकडे. आमच्या टीमने तिकडेच पाचव्या मॅचमध्ये ओव्हरटाइमला कप उचलला, सहावी-सातवी झालीच नाही. इथल्या हॉटेलात सहाव्या-सातव्या मॅचसाठी ज्या खोल्या धरून ठेवल्या असतील त्या सगळ्या हवेत. तुमचा जीएम ज्याला घाबरतो ते हेच ना?

डबलडेकर :

@मावशी, अगदी हेच. आमच्याकडे साधारण ग्रुपला कलम असतं की ब्लॉकमधल्या (ग्रुपसाठी धरून ठेवलेल्या) अमुक टक्के खोल्या वापरल्याच पाहिजेत, नाहीतर फरक भरा. कट-ऑफची तारखही तीन-चार आठवडे आधीची असते. आणि हे म्हणतात आम्हाला ४८ तास आधीपर्यंत सोडायची मुभा द्या. ४८ तासात मी २६ खोल्या कोणाला विकू? वीकेंड असेल तर एकवेळ जातील, पण मंगळवारी रात्री?

@टारझन, ड्रायव्हरचं खरंच डोक्यात नव्हतं आलं. नोंद केली.

धुक्यातला_दगडू :

मावशी, मी त्याच सेंट जॉन्सला असतो. :) शिकायला आलो आणि इथेच राहिलो. २०१४ ला मी नव्हतो पण इथले लोक अजून ती फायनल काढतात.

इथे टीम ठेवणं म्हणजे काय ते सांगतो. हे बेट आहे. मेनलँडवरून फेरीने यायचं तर नोव्हा स्कोशियातून बोटीत सातेक तास आणि मग बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ९०० किमी रस्ता. त्यामुळे बस बाद, येईल तो विमानाने. आणि विमान उतरेल की नाही हे धुकं ठरवतं. मे-जूनमध्ये एअरपोर्टवर धुकं बसलं की हॅलिफॅक्सवरून परत पाठवतात. घड्याळही अर्ध्या तासाच्या फरकाचं, आपल्या भारतासारखं, त्यामुळे पाहुण्यांचा पहिला दिवस वेळा चुकण्यात जातो.

म्हणूनच इथल्या टीमला पाहुण्यांच्या प्रवासखर्चाला हातभार लावायला लागायचा, नाहीतर बाकीचे मालक म्हणणार आम्ही कशाला येऊ एवढ्या लांब. एनएचएलच्या टोरोंटो मेपल लीफ्सची एएचएल टीम इथे होती ती २००५ ला गेली. मग एनएचएलच्या विनिपेगवाल्यांनी आपले आइसकॅप्स २०१५ ला हलवले, पुढे तेच नाव माँट्रियलच्या क्लबखाली २०१७ पर्यंत चाललं आणि ती टीम क्यूबेकमधल्या लावालला गेली. मग ईसीएचएलची ग्रोलर्स आली, २०१९ ला पहिल्याच सीझनमध्ये ईसीएचएलचा ‘केली कप’ जिंकली (टोलेडोला हरवून, सॉरी टारझन भाऊ) आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये सीझन संपायच्या आत लीगने सदस्यत्वच काढून घेतलं. प्रत्येक वेळी कारणं वेगवेगळी सांगतात पण अंतराचा खर्च सगळ्यात आहेच.

रच्याकने, १९९२ ची कॉल्डर कप फायनल सेंट जॉन्स विरुद्ध अ‍ॅडिरॉन्डॅक अशी झाली, सातही मॅच झाल्या आणि सातही पाहुण्या टीमने जिंकल्या. म्हणजे एवढा प्रवास करून आलेलेच जिंकत होते! अ‍ॅडिरॉन्डॅकने सातवी इथे येऊन मारली.

टारझन_कोल्हापूरकर :

दगडू भावा, २०१९ ची जखम भरली न्हाई अजून. बस इथं फक्त एअरपोर्टपर्यंत नेऊन सोडायची होती, तेवढंच बिल मिळालं आमच्या धंद्याला.

खवचट :

सातपैकी सात पाहुण्यांनी जिंकल्या म्हणता, मग प्रवासाचा त्रास वगैरे थोतांडच की. :) दिवा घ्या.

गोलकीपरची_आई :

खवचट, एका सिरीजवरून कसं काय ठरवता? शिवाय दोन्ही टीम सारखाच प्रवास करत होत्या.

मी सॅस्कटूनला आहे, मुलगा गोली आहे, अजून लहान गटात खेळतो. त्यामुळे हॉटेलं, बस, रात्री दोनला गॅरेजमध्ये ओलं किट वाळत घालणं हे सगळं आमच्या घरचंच. टुर्नामेंटला हॉटेल सुद्धा आयोजक सांगतील तेच घ्यावं लागतं, ते वेगळं दुखणं.

पण रात्रीच्या प्रवासाबद्दल लिहायचंय. ६ एप्रिल २०१८ ला हम्बोल्ट ब्रॉन्कोज ही ज्युनियर टीम प्लेऑफच्या मॅचला निपाविनला निघाली होती, संध्याकाळी चौकात ट्रेलरशी धडक झाली. १६ जण गेले, १३ जखमी. आमच्या गल्लीत प्रत्येक दाराबाहेर लोकांनी हॉकी स्टिक ठेवल्या होत्या. बस रात्रीची नव्हती, थकवा बसच्या ड्रायव्हरचा नव्हता, ट्रकवाल्याने स्टॉप साइन तोडली होती, त्यामुळे त्याचा आणि हॉटेलच्या खर्चाचा थेट संबंध जोडत नाहीये. नंतर इथे ट्रक ड्रायव्हरांना ट्रेनिंग सक्तीचं झालं. पण तेव्हापासून कुठलीही टीम पैसे वाचवायला मॅच संपवून रात्रीच परत निघते म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. २००९ च्या फेब्रुवारीत ऑल्बनी रिव्हर रॅट्सची बस लोवेलहून मॅच खेळून रात्री परतताना मॅसॅच्युसेट्सच्या हायवेवर उलटली होती, ती तर एएचएलचीच टीम. खोल्यांचा घोळ झाला की टीम हाच मार्ग घेतात, झोपा बसमध्ये आणि चला.

म्हणून डबलडेकर दादा, जमलं तर त्यांना खोल्या द्याच.

टारझन_कोल्हापूरकर :

ताई, खरं बोललात. आमच्याकडं नियम कडक झालेत, लॉग आता इलेक्ट्रॉनिक असतो, खोटं लिहिता येत न्हाई.

स्लीपर बसबद्दल पण लोकांचा गैरसमज असतो. ईसीएचएलमधी बऱ्याच टीम बंक असलेल्या बसनं फिरतात, आत तीन मजली बर्थ, पडदा, एक पॉइंट चार्जरला. सहा फूट तीन इंचाचा डिफेन्समन त्या बंकमधी मावत न्हाई, गुडघे वर करून झोपतो. एका रात्रीला ठीक हाय, पण प्लेऑफमधी एक दिवसाआड मॅच असती.

निवांत :

मी कॅलिफोर्नियात कोचेला व्हॅलीमध्ये राहते, हॉस्पिटलमध्ये नाइट ड्युटी करते त्यामुळे उशिरा वाचलं. आमच्याकडे एएचएलचे फायरबर्ड्स आहेत आणि डबलडेकर, तुमच्या बेअर्सनी २०२३ आणि २०२४ अशा दोन्ही फायनलमध्ये आम्हाला हरवलंय हे मी विसरलेले नाही. २०२३ ची सातवी मॅच आमच्याच रिंकवर, आम्ही २-० ने पुढे होतो आणि ओव्हरटाइममध्ये गेली. असो.

इथली गंमत उलटी आहे. एप्रिलमध्ये इंडिओला कोचेला म्युझिक फेस्टिव्हल असतो, दोन वीकेंड, आणि लगेच त्याच मैदानावर स्टेजकोच हा दुसरा म्युझिक फेस्टिव्हल. पाम स्प्रिंग्जपासून इंडिओपर्यंत खोली मिळत नाही, मिळाली तर तीन रात्री घ्याच अशी अट आणि भाव विचारूच नका. रेग्युलर सीझनचा शेवट आणि प्लेऑफची पहिली फेरी नेमकी याच दिवसांत येते. आणि जूनमध्ये फायनल असते तेव्हा बाहेर चाळीसच्या वर तापमान, टुरिस्ट सगळे पळालेले, हॉटेलं ओस. हवी ती खोली, हवा तो दर, पोहण्याचा तलाव फुकट. म्हणजे ज्या महिन्यात हर्शीत पाय ठेवायला जागा नसते त्या महिन्यात इथे मॅनेजर स्वतः फोन करतात टीमला.

त्यामुळे मला वाटतं अंतर हा नंतरचा मुद्दा आहे. आमची टीम जवळच्या सॅन डिएगोशी खेळली तरी एप्रिलमध्ये पाहुण्यांची पंचाईत होते. कॅलेंडरशी गाठ आहे, मैलांशी नाही.

ऑस्टिनची_मावशी :

निवांत, अर्धं पटलं. पण मैलांना इतकं सोडून देऊ नका हो. २०२५ ला आमची टीम वेस्टर्न फायनलला अ‍ॅबट्सफर्डशी खेळली (हरली, ४-२). अ‍ॅबट्सफर्ड म्हणजे ब्रिटिश कोलंबिया, व्हँकुव्हरच्या पुढे तासभर. मग तेच अ‍ॅबट्सफर्ड फायनलला शार्लटशी, म्हणजे खंडाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. आणि शार्लटवाले त्याच्या आधीच्या फेरीत लावालला, क्यूबेकमध्ये जाऊन आलेले. एका महिन्यात दोनदा कॅनडाची बॉर्डर, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून.

सामानाचं तर विचारूच नका. एएचएलच्या टीम बहुतेक वेळा आपल्यासारख्याच साध्या फ्लाइटने जातात. प्रत्येकाची किट बॅग, गोलीची त्याहून मोठी, स्टिकचे गठ्ठे, स्केटला धार लावायचं मशीन, फिजिओच्या पेट्या. हे सगळं एका छोट्या विमानाच्या पोटात मावत नाही, मग निम्मं पुढच्या फ्लाइटने येतं. एकदा आम्ही काही फॅन लोक त्याच विमानात होतो, कनेक्शनला उशीर झाला तर इक्विपमेंटवाला माणूस स्वतः सीट सोडून सामानाबरोबर मागे थांबला. खेळाडू पुढे गेले, तो नाही. एअरलाइनच्या काउंटरवर हुज्जत घालताना त्याच्या हातात बॅगांच्या टॅगची चवड होती, एकेक नंबर वाचून दाखवत होता. मला तर त्याचंच जास्त कौतुक वाटलं.

रिकामटेकडा :

प्रश्न : या खेळाडूंना प्लेऑफचे पैसे किती मिळत असतील?

धुक्यातला_दगडू :

@रिकामटेकडा पगार रेग्युलर सीझनपुरता असतो. प्लेऑफला वेगळा बोनसचा गल्ला असतो, जितक्या फेऱ्या पुढे जाल तितका वाटा. खरी अडचण घरभाड्याची. एएचएलची पोरं स्वतः घर भाड्याने घेतात आणि करार एप्रिलपर्यंत करतात कारण पुढे जाणार की नाही कोणाला माहीत. टीम जिंकत राहिली की घरमालक म्हणतो नवीन भाडेकरू ठरलाय, निघा. मग स्वतःच्याच गावात घरचा खेळाडू बायको-बाळासकट हॉटेलात राहायला येतो. आइसकॅप्सच्या वेळी असं झाल्याचं इथले जुने लोक सांगतात. म्हणजे हॉटेलात पाहुणे पण आणि यजमान पण!

डबलडेकर :

दगडू, हे आमच्याकडेही होतं, बेअर्स जूनपर्यंत खेळले की किचनवाल्या खोल्यांच्या चौकश्या सुरू होतात.

आजचा अपडेट. पाहुण्या टीमचा माणूस परत फोनवर बोलला. त्याला म्हटलं तुमची खरी गरज काय ते सांगा, सगळं एकदम नको. तर यादी अशी आली की खोल्या डबल बेडच्या, दोघांत एक. एकाच मजल्यावर, लिफ्टपासून आणि स्विमिंग पूलपासून लांब. मॅचच्या दिवशी १२ च्या सुमाराला जेवण, चिकन, पास्ता, भात, रताळी, सॅलड, तळलेलं काही नको. मग १ ते ४ पोरं झोपतात. हा झोपेचा वेळ त्यांना देवाच्या नैवेद्याइतका कडक असतो, व्हॅक्युम क्लीनर नाही, फायर अलार्मची टेस्ट नाही, कॉरिडॉरमध्ये गप्पा नाहीत. ४ नंतर बस.

आमचं चेकआउट ११ चं. म्हणजे ज्या दिवशी ते मॅच खेळून परत जाणार त्या दिवशी त्या २६ खोल्या ४ पर्यंत अडकल्या. ३ चं चेक-इन असलेली पुढची माणसं लॉबीत उभी. याचा अर्थ प्रत्यक्षात मला अजून अर्धी रात्र विकता येत नाही. हे जीएमला आकड्यात दाखवलं तेव्हा तो आणखीनच भडकला. :(

खवचट :

मग जवळच्या टीमने राहायचंच कशाला? विल्क्स-बॅरी तिथून दीड-दोन तासावर आहे. सकाळी निघा, खेळा, घरी जा.

डबलडेकर :

जवळचे तसंच करतात हो, विल्क्स-बॅरी आणि लीहाय व्हॅलीवाले रेग्युलर सीझनला त्याच दिवशी येऊन जातात. पण ते रात्र नाही तरी दुपार मागतात, झोपेपुरत्या डे-रूम. मला त्या परवडतात, संध्याकाळी साफ करून परत विकता येतात. शार्लट किंवा न्यू इंग्लंडकडच्या टीमना मात्र राहण्यावाचून गत्यंतर नाही.

टारझन_कोल्हापूरकर :

लीगवाले पण आपल्या परीनं बघतात. लांबच्या जोडीला २-३ किंवा २-३-२ लावतात म्हणजे फेऱ्या कमी. त्यात पण भांडणं, ज्याला मधल्या तीन घरच्या मिळतात त्यो खूश, पण सिरीज ४-० झाली तर एक मॅच कमी, तिकिटाचे पैसे गेले. खाली एसपीएचएल हाय, दक्षिणेतली बसवाली लीग, त्यांनी २०१८ मधी गंमत सुरू केली होती की वर आलेल्या टीमनी आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. लोक म्हणायचे कमजोर टीम बघून निवडतात, मी म्हणतो डिझेलचा पण इचार करत असणार.

आणि रिंक रिकामं पाहिजे हे कोणी बोललंच न्हाई. मे महिन्यात तिथं पदवीदान, कॉन्सर्ट, सर्कस. घरच्या टीमला पण तारीख मिळत न्हाई, मग मॅचची अदलाबदल, आज ठरलेलं उद्या बदललं. हॉटेलवाल्याला शेवटी कळतं.

आता दादा, मी इतर हॉटेलांनी केलेलं बघितलंय ते सांगतो. खोलीचं डिपॉझिट मागू नका, त्याला टीमवाला हो म्हणणारच न्हाई. त्याऐवजी जेवणाचं कमीत कमी बिल ठरवा. ज्या रात्री राहतील त्या प्रत्येक रात्रीला एक जेवण, एक नाश्ता तुमच्याच किचनचा. तिथं तुमचा पैसा निघतो. आणि खोल्या सोडायची वेळ तासात न ठेवता निकालाला बांधा. सिरीज संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी १० वाजेपर्यंत कळवलं तर फुकट, नंतर एका रात्रीचं भाडं. त्यांना ते पटतं कारण निकाल लागलेला असतो, त्यांना पण माहीत असतं.

निवांत :

+१. आमच्या इथे एका हॉटेलवाल्या शेजाऱ्यांनी अजून एक सांगितलं. शक्यतेच्या रात्रींसाठी सगळ्या २६ एकाच हॉटेलात धरायच्या नाहीत. १६ स्वतःकडे आणि उरलेल्या १० बाजूच्या हॉटेलशी बोलून ठेवायच्या, म्हणजे धोका दोघांत वाटला जातो. खेळाडू एका ठिकाणी, बाकी स्टाफ आणि रेडिओवाले दुसरीकडे. टीमला आवडत नाही पण शनिवारी रात्री काही न मिळण्यापेक्षा बरं.

गोलकीपरची_आई :

आणि ओलं किट! बहुतेक वेळा ते रिंकवरच ठेवतात, पण रिंकला दुसरा कार्यक्रम असला की लॉकर रूम रिकामी करून द्यावी लागते आणि मग बॅगा हॉटेलवर येतात. ते खोलीत वाळत घालू देऊ नका दादा, पडद्यांना जो वास लागतो तो धुऊनही जात नाही, घरचा अनुभव आहे. एखादा मीटिंग हॉल, दोन मोठे पंखे आणि खाली ताडपत्री.

डबलडेकर :

मंडळी, ठरलं एकदाचं. टारझन भाऊंचा फॉर्म्युला जीएमच्या गळी उतरवला. डिपॉझिट नाही, जेवणाचं किमान बिल आहे, निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी १० ची मुदत. ड्रायव्हरची खोली आमच्याकडून फुकट. लेट चेकआउट २६ पैकी १८ खोल्यांनाच, म्हणजे ज्यांची मॅच त्या दिवशी आहे ते झोपतील आणि कोच वगैरे मंडळी हॉलमध्ये बसतील. पहिल्या दोन रात्री पक्क्या, बाकीच्यांसाठी निवांतताईंच्या सल्ल्याने पलीकडच्या हॉटेलशी बोललो, ते ८ खोल्या धरतायत. बस मागच्या बाजूला लागेल, ४५ फुटी आहे, डिलिव्हरीवाल्यांना सकाळी लवकर यायला सांगितलंय.

एकच राहिलं. शनिवारी तिसऱ्या मजल्यावर लग्नाची पार्टी उतरतेय आणि टीमला पण तिसराच मजला दिलेला होता.

टारझन_कोल्हापूरकर :

टीमला खाली आण, लग्नवाल्यांना वर टाक. लग्नवाले रात्री २ ला येणार गात गात, त्यांच्या खाली झोपलेलं परवडतं, शेजारी न्हाई.

ऑस्टिनची_मावशी :

पहिल्या मजल्यावर नको पण, लॉबीचा आवाज येतो. दुसरा द्या.

डबलडेकर :

दुसराच दिलाय मावशी. आणि हाइट म्हणजे आत्ता नवरदेवाचा फोन आला होता, बेअर्सचा सीझन तिकीटवाला निघाला. गोड बोलून विचारतोय की पाहुणी टीम तुमच्याकडेच उतरली आहे का आणि कुठल्या मजल्यावर. सांगितलं की आम्ही कोणाचीच माहिती देत नाही.

खवचट :

शनिवारी दुपारी १ ते ४ फायर अलार्मपाशी माणूस बसव.